शनिवारची पेशी

किस्से कुणी मुद्दाम जमवायला जात नाही. ते स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठत जातात. कुठून आल्या, कधी आल्या आठवत नाही, पण एकही टाकवत नाही! माझ्या फळीवर एका योजनेच्याच इतक्या बरण्या आहेत, की भोपाळच्या अवधपुरीतल्या आमच्या गच्चीवर संध्याकाळी चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, “बाई, ते शनिवारचं सांगा ना!”

तर ते शनिवारचं.

राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला हलली, आणि सचिवालयाच्या फायलींच्या पेट्यांबरोबर आमचं बिऱ्हाडही हललं. मिस्टर फायलींच्या मागे गेले. मला नोकरी मिळाली ती शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत. आता तिथे, सोनागिरीत, घरांना घरं चिकटली आहेत, तेव्हा सगळीकडे नुसतं काळ्या मातीचं माळरान होतं. कारखाना नवा, क्वार्टर्स नवी, शाळा नवी. आणि मुलं देशभरातून येऊन पडलेली. कुणी मिरजेचा, कुणी लुधियान्याचा, कुणी सिंधमधून सगळं सोडून आलेला. वडील शिफ्टला, आई नव्या गावात बावरलेली, आणि पोरगं पंधरा वर्षांचं. त्या वयात माणसाला बोलायचं खूप असतं, पण आईबापाशी नाही आणि मास्तरांशी तर मुळीच नाही.

आमचे हेडमास्तर चौबे सर. त्यांनी डोकं लढवलं. कारखान्यातली मोठी माणसं दर शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास येतील. एका माणसाकडे एक मूल. नियम तीनच. शिकवायचं नाही, रागवायचं नाही, फक्त ऐकायचं. मुलाने काही विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. नाव ठेवलं ‘साथी योजना’, आणि सांभाळायला दिली माझ्याकडे.

आमच्या चपराशाला मात्र ते नाव काही जमलं नाही. तो कोर्टातल्या पुकाऱ्यासारखा वर्गावर्गांतून ओरडत गेला, “शनिवार को नौवीं-दसवीं की पेशी है! एक-एक करके बुलाएँगे!”

* * *

पहिल्या शनिवारी अकरा साहेब, फोरमन, ड्राफ्ट्समन इस्त्रीचे कपडे घालून लायब्ररीत रांगेने बसले. बाहेर मुलांची रांग. मी पहिलं नाव पुकारलं.

ब्रिजमोहन नावाचा एक उंच, किडकिडीत मुलगा आत आला. गाडगीळ साहेबांसमोर उभा राहिला. डोळे घट्ट मिटले, तोंड भिंतीकडे वळवलं आणि उजव्या हाताची बाही पार खांद्यापर्यंत वर केली!

मी दाराबाहेर डोकावले. अख्खी रांग बाह्या वर करून उभी. एकजण तर आधीच रडत होता. बाहेरची माणसं येऊन एकेकाला आत बोलवतात म्हणजे देवीची लस, ही त्यांची पक्की खात्री!

गाडगीळ साहेब पुण्याचे इंजिनियर, शिस्तीचे. त्यांना काय करावं कळेना. शेवटी त्यांनी तो लांब केलेला हात हातात घेतला आणि हलवला. “नमस्कार.”

ब्रिजमोहनने एक डोळा उघडला. “बस? हो गया?”

* * *

गाडगीळ साहेबांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी ‘है’ लावलेलं. तिसऱ्या शनिवारी ते तावातावाने माझ्याकडे आले.

“बाई, त्या पोराच्या घरी काहीतरी भयंकर आहे!”

“काय झालं?”

“मी सहज विचारलं, तुम्हारे पिताजी तुमको शिक्षा करते है क्या? तर म्हणाला, जी, आठवीं तक उन्होंने ही शिक्षा दी, रोज़ सुबह-शाम! सकाळ-संध्याकाळ, बाई! आठ वर्षं! आणि वर हसत हसत म्हणतो, अब भी थोड़ी-बहुत देते हैं!”

मी काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला. “थांबा, पुढचं ऐका. मी म्हटलं, घाबरू नकोस, आता माझ्याकडे मन मोकळं कर. तर मला म्हणाला, जी साहब, मैं पूरी चेष्टा करूँगा! मी त्याच्या भल्यासाठी येतो आणि हा माझी चेष्टा करणार. तीही पूरी!”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं, आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न.

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, “म्हणजे गेल्या शनिवारी मी त्याला म्हणालो, मेरी चेष्टा की तो शिक्षा करूँगा... त्याला काय कळलं असेल हो?”

* * *

खानसाहेब जुन्या भोपाळचे. मशीन शॉपमध्ये फोरमन. आवाज असा, की सगळी यंत्रं चालू असताना त्यांनी हाक मारली तर शेवटच्या लेथवरचा माणूस दचकायचा. चौबे सरांनी त्यांना आधीच बजावलं होतं, “खानसाहब, बच्चे डर जाएँगे. आप एक लफ़्ज़ मत बोलिएगा. सिर्फ़ सुनिएगा.”

खानसाहेबांनी हुकूम अक्षरशः घेतला!

त्यांच्या वाट्याला आला किशन. सिंधमधून आलेल्या कुटुंबातला, वडील कॅन्टीनमध्ये. वर्गात त्याच्या बोलण्याच्या ढंगाला पोरं हसली होती, तेव्हापासून त्याने बोलणंच सोडलं होतं. तर हे दोघं पिंपळाखालच्या बाकावर बसायचे. एक बोलायचं नाही म्हणून बोलत नाही, दुसरा बोलतच नाही. अर्धा तास झाला की खानसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून निघून जायचे. असे पाच शनिवार गेले. मी मनातल्या मनात ती जोडी मोडीत काढली होती.

सहाव्या शनिवारी बघते तर किशन बोलतोय! हातवारे करून, न थांबता. मी त्याला नंतर गाठलं. “अरे वा, आज बोललास की!”

तो खाली बघत म्हणाला, “बहनजी, चचा बेचारे गूँगे हैं ना. गूँगे आदमी के सामने क्या शरम!”

मी ते खानसाहेबांना सांगितलं. वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, “तो बहनजी, अब तो मैं गूँगा ही हूँ.”

आणि खरंच, वर्षभर तो माणूस दर शनिवारी मुका झाला. किशनने त्यांना काय काय सांगितलं, त्यातलं एकच त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सिंधमधलं घर सोडताना त्याची आजी म्हणाली होती, तुम्ही व्हा पुढे, मी कुलूप लावून येते. घरात अजून तिच्या वाटणीचं पान वाढतात म्हणे.

वर्षअखेरीला आम्ही मुलांना कारखाना दाखवायला नेलं. मशीन शॉपमध्ये शिरतो न शिरतो तोच वरून क्रेन सरकायला लागली आणि पलीकडून क्रेनवाल्याला अस्सल भोपाळी आरोळी आली, “को खाँ! अंधे हो क्या? नीचे बच्चे खड़े हैं!”

सगळे गारठले. आरोळी ठोकून खानसाहेब वळले आणि त्यांना समोर किशन दिसला. त्यांचा चेहरा असा उतरला, की मी माझ्या जन्मात इतक्या मोठ्या माणसाला इतकं घाबरलेलं बघितलं नाही.

किशन धावत गेला आणि त्यांच्या कमरेला मिठी मारून ओरडला, “बहनजी! चचा ठीक हो गए!”

खानसाहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांच्या त्या आवाजातला जेवढा लहान आवाज काढता येईल तेवढा काढून म्हणाले,

“हाँ बेटा. आज सुबह ही.”

* * *

योजना काढली चौबे सरांनी, मग एक मूल त्यांनीही घेतलं पाहिजे, असं मीच म्हटलं. त्यांनी घेतला मुन्ना. दहावीत दुसऱ्यांदा बसलेला.

पहिले दोन शनिवार सरांना नुसतं ऐकणं किती जड गेलं, ते त्यांच्या मानेच्या शिरांवरून कळत होतं. तिसऱ्या शनिवारी मुन्नाने विचारलं, “सर, आप कभी फेल हुए थे?”

नियम सरांचाच. खरं उत्तर द्यायचं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “दो बार,” ते म्हणाले. “गणित में.”

सोमवारी प्रार्थनेच्या वेळी काहीतरी वेगळंच वातावरण. सर आले तशी मुलं नेहमीसारखी घाबरून ताठ झाली नाहीत. काही तर चक्क मायेने बघत होती! मधल्या सुट्टीत सरांच्या ऑफिसबाहेर नऊ मुलं वह्या घेऊन उभी. “सर, गणित पूछना है.” असं आजवर कधी घडलं नव्हतं.

सरांनी मुन्नाला बोलावून घेतलं. “मैंने तुमको भरोसे से बताया था. तुमने पूरे स्कूल को बता दिया?”

मुन्ना दुखावला. “नहीं सर, कसम से! सिर्फ़ फेल होने वालों को बताया!”

* * *

लेले ड्राफ्ट्समन होते. नगरहून आलेले, एकटेच, खानावळीत जेवणारे. त्यांच्या वाट्याचा तपन बंगाली होता, बडबड्या. वर्षाच्या मध्यात त्याच्या वडिलांची बदली झाली आणि तपन गेला.

पुढच्या शनिवारी लेले आले. बाकावर अर्धा तास बसले आणि गेले. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी म्हटलं, “लेले, आता नाही आलात तरी चालेल हो. दुसरा मुलगा ठरला की कळवते.”

“हो हो,” ते म्हणाले, पण उठले नाहीत. जरा वेळाने म्हणाले, “बाई, एक कबूल करू का? नियमाप्रमाणे मी ऐकायचं होतं ना? पण तो आल्या आल्या विचारायचा, अंकल, आज खाना ठीक मिला? मग मी सांगत बसायचो. आमटीत मीठ नव्हतं, नळाला पाणी नव्हतं, घरून पत्र नाही. इतके महिने सगळं तोच ऐकत होता.”

मी बाकावर त्यांच्या शेजारी बसले. त्या दिवशी माझी घरी जायची बस चुकली आणि मला समजलं, की लेल्यांच्या आमटीत मीठ अजूनही नसतं.

* * *

मग एकदा शिक्षणखात्याचे इन्स्पेक्टर आले. वयस्कर, कडक. त्यांना योजनेचा ‘लाभ’ लेखी हवा होता. चौबे सरांनी मुलांना निबंध लिहायला लावले. ‘मेरे साथी से मुझे क्या लाभ हुआ.’

इन्स्पेक्टर एकेक वही चाळत होते आणि मान हलवत होते. मग एका वहीवर थांबले. चष्मा वर केला, परत वाचलं, आणि मोठ्याने वाचून दाखवलं. ती ब्रिजमोहनची वही होती.

“मेरे साथी गाडगीळ साहब हैं. वे घर से दूर रहते हैं. उनको बहुत गुस्सा आता है और हिंदी कम आती है. मैं हर शनिवार उनको आधा घंटा सुनता हूँ. मैं उन्हें टोकता नहीं. अब वे पहले से अच्छे हैं.”

चौबे सर छताकडे बघायला लागले. इन्स्पेक्टरांनी खिशातून पेन काढलं आणि शेरा मारला. तो कागद पुढे कित्येक वर्षं माझ्या टेबलाच्या काचेखाली होता.

“योजना चालू रहे. साहबों के हित में.”

* * *

आता कुलकर्णी वहिनींचं सांगते.

पहिल्या वर्षी योजनेत फक्त मुलगे होते. चौबे सर म्हणायचे, “लड़कियाँ तो समझदार होती हैं. उन्हें क्या ज़रूरत?” मी म्हटलं, “सर, समझदार असतात म्हणून त्यांना कुणी काही विचारतच नाही.” दुसऱ्या वर्षी सरांनी परवानगी दिली. पण साथी म्हणून बायका आणायच्या कुठून? मी क्वार्टर्समधून दारोदार फिरले. कुलकर्णी वहिनी मिरजेकडच्या, नवरा कारखान्यात चार्जमन, दोन लहान पोरं. त्या दारातच म्हणाल्या, “बाई, मी चौथी शिकलेली. नववीच्या मुलीला मी काय सांगणार?”

“सांगायचं नाहीच. नुसतं ऐकायचं.”

“ते जमेल. सासरी आठ वर्षं तेच केलंय!”

त्यांना मिळाली शारदा. वर्गात पहिली येणारी, गणितात तर कुणाला हार न जाणारी. वडील मिश्राजी, कारखान्याच्या स्टोअरमध्ये. दुसऱ्या शनिवारी मी डोकावले तर वहिनी पाटी घेऊन बसलेल्या आणि शारदा खडूने अपूर्णांक काढून दाखवतेय!

“बहनजी,” शारदा जरा घाबरून म्हणाली, “भाभीजी ने पूछा, आजकल क्या पढ़ती हो. मैंने बताया. तो बोलीं, मुझे भी समझाओ.”

वहिनी मान वर न करताच म्हणाल्या, “बाई, मध्ये बोलू नका, छेद चुकतो.”

दिवाळीनंतर शारदा यायची बंद झाली. शाळेतही नाही, शनिवारीही नाही. कळलं ते असं, की मिश्राजींनी लग्न ठरवलं. मुलगा चांगला, घर चांगलं, मुहूर्त माघातला. मी गेले. मग चौबे सर गेले. मिश्राजी वाईट माणूस नव्हते. दोघांनाही चहा दिला, हात जोडले आणि म्हणाले, “मास्टर साहब, आपका कहना सही है. पर लड़की हमारी है.”

वहिनींना हे सांगितलं. त्यांनी पोरं शेजारी ठेवली, पदर खोचला, पाटी-पुस्तक काखेत घेतलं आणि मला म्हणाल्या, “चला.”

मिश्राजी दारात उभे. वहिनींनी नमस्कार केला आणि थेट सुरुवात केली.

“भाईसाब, आपने मेरी मास्टरनी बंद कर दी.”

“कौन मास्टरनी?”

“शारदा! मार्च में मेरी आठवीं की, मिडल की परीक्षा है. प्रायव्हेट बैठ रही हूँ. फॉर्म भर दिया. और गणित अभी आधाही हुआ है. लगन करना है तो करो, मैं खुद आके पूड़ी तलूँगी. पण परीक्षा के बाद करो. बीच में मास्टर बदलेगी तो मैं नापास होएगी ना!”

मिश्राजींनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं. आत पोळपाटाचा आवाज थांबला होता.

“आप... परीक्षा देंगी?” मिश्राजी म्हणाले. “इस उमर में?”

“शारदा बोली, मैं कर सकती. झूठ बोली क्या?”

मिश्राजींनी आत बघितलं. शारदा दाराआड उभी होती. मग ते म्हणाले, “मार्च तक. बस.”

“और वो खुद स्कूल जाएगी. मास्टरनी खुद पढ़ेगी नहीं तो मेरे को क्या पढ़ाएगी?”

बाहेर आल्यावर मी विचारलं, “वहिनी, फॉर्म कधी भरलात?”

“कुठला फॉर्म?” त्या म्हणाल्या. “सोमवारी भरू की!”

भरला. पहाटे उठून, दुपारी पोरं झोपली की, चुलीपुढे, जमेल तसा अभ्यास केला. आणि मार्चमध्ये वहिनी मिडल पास झाल्या. पेढे घेऊन मिश्राजींकडे गेल्या. मिश्राजींनी पेढा तोंडात टाकला, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “अब मॅट्रिक.”

मिश्राजींना ठसकाच लागला. “भाभीजी, आप आख़िर कितना पढ़ेंगी?”

“शारदा जितना पढ़ाएगी उतना.”

मुलाकडचे थोडं थांबले, मग त्यांनी दुसरीकडे जमवलं. मिश्राजी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण शारदाला त्यांनी घरी बसवलं नाही. शेजारपाजारचे विचारायचे, लग्नाचं काय झालं? तेव्हा म्हणे ते सांगायचे, “क्या करें, भाभीजी की परीक्षा है.”

दोन वर्षांनी दोघी एकाच सेंटरवर मॅट्रिकला बसल्या. मिश्राजींनी रजा टाकली होती. दोघी पेपर लिहायच्या तेवढा वेळ ते सुरई घेऊन फाटकापाशी लिंबाखाली उभे. पेपर सुटला की दोघींना पाणी द्यायचे आणि विचारायचे, “कैसा गया?” आधी शारदाला, मग वहिनींना.

निकाल लागला. पेपरात शारदाचा नंबर फर्स्ट क्लासमध्ये. वहिनींचा नंबर आम्ही तीन वेळा शोधला. नव्हता. इंग्रजीत राहिल्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या पोळ्या लाटत होत्या. हसत होत्या आणि मधूनमधून मनगटाने डोळे पुसत होत्या. “जाऊ दे हो बाई. पोरगी निघाली ना! माझं काय अडलंय?”

तेवढ्यात दाराशी कुणीतरी खाकरलं. मिश्राजी. हातात मिठाईचा पुडा, डोक्यावर टोपी, आणि आत यावं की नाही अशा घोटाळ्यात. वहिनींनी पीठ झटकलं आणि बाहेर आल्या.

“बधाई हो भाईसाब! शारदाने नाव काढलं!”

“हाँ,” मिश्राजी म्हणाले. पुडा दोन्ही हातांनी पुढे केला. “और आप... अंग्रेज़ी में रह गईं?”

“रह गई.”

मिश्राजी मान खाली घालून आपल्या जोड्यांकडे बघत राहिले. टोपी काढली, परत घातली. मग एकदम, जणू वहिनींवर रागावल्यासारखे म्हणाले,

“तो फिर लड़की को कॉलेज में डालना ही पड़ेगा. नहीं तो आपको अंग्रेज़ी पढ़ाएगा कौन?”